उलट्या विमानाची शिकवणी

तो दातांच्या कवळ्या बनवायचा, आणि हात असा हलका, की केसाएवढी फट राहिली तरी त्याच्या बोटांना कळायची. पण तोच हात रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या रिमोटवर गेला, की त्याचं लाकूड व्हायचं. साधं उडवणं त्याला जमत होतं. सरळ जाणं, वळणं, अलगद उतरवणं, सगळं. मन मात्र कसरतींवर जडलेलं. रोल म्हणजे स्वतःभोवती गिरकी, लूप म्हणजे आभाळात उभं वर्तुळ, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पोट आभाळाकडे करून उलटं उडणं.

चार महिने खपून त्याने एक विमान बांधलं. विमानं उडवायच्या मैदानावर ते उलटं केलं आणि नाक जरा खाली झुकताच सवयीने रिमोटची दांडी स्वतःकडे ओढली. सरळ विमान त्याने वर जातं. उलटं विमान जमिनीत घुसतं. घुसलंच.

मैदानावरच्या जुन्या जाणत्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी तुकडे पिशवीत भरून त्याच्या हातात दिले. "तीन महिने उलटं उडवायचं नाव काढायचं नाही," ते म्हणाले. "घरी कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर बस. तिथे पाहिजे तेवढी विमानं पाड. पाडून पाडूनच येतं हे."

मास्तरांचं ऐकायचं तर घरी दुसरीच अडचण. कॉम्प्युटर होता मागच्या खोलीत, आणि त्या खोलीत गुडघ्याचं ऑपरेशन करून सासूबाई राहायला आल्या होत्या. दोघंही एकमेकांशी जपून बोलणारे. "चहा झाला का, आई?" "झाला." यापुढे गाडी सरकत नसे. बायको कामावरून यायची सातला. त्यामुळे रोज चार ते सात तो रिमोट कॉम्प्युटरला जोडून स्क्रीनसमोर विमानं पाडत बसायचा आणि सासूबाई पलंगावर, पाय उशीवर ठेवून बघत बसायच्या.

चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"जावईबापू, एक सांगू? राग मानू नका. विमान तुमच्याकडे तोंड करून आलं, की तुम्ही नेमकी उलट्या बाजूला दांडी नेता."

"तेच तर ना, आई. त्याचं डावं ते माझं उजवं होतं. डोक्यात हिशेब जुळेपर्यंत विमान खाली."

"मग हिशेब करताच कशाला? जो पंख खाली कलतोय, त्याच बाजूला दांडी न्यायची. पडणाऱ्या भिंतीला टेकू लावतो ना, तशी."

त्याने करून पाहिलं. समोरून येणाऱ्या विमानाचा डावीकडचा पंख कलला, त्याने दांडी डावीकडे नेली, आणि पंख शहाण्यासारखा वर आला. पुन्हा केलं. पुन्हा आला. तो खुर्चीसकट वळला आणि सासूबाईंकडे बघतच राहिला.

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"सव्वीस वर्षं बंदरात क्रेन चालवली. खालचा माणूस माझ्याकडे तोंड करून हात दाखवायचा. त्याचा उजवा तो माझा डावा. घोळ घातला असता तर माणसं चेंगरली असती."

सासूबाई बंदरात नोकरीला होत्या, एवढंच त्याला ठाऊक होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तिथे नेमकं काय करता, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने रिमोट त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पहिल्याच संध्याकाळी बारा विमानं पाडली आणि दर खेपेला खळखळून हसल्या. बायको घरी आली तर ही दोघं स्क्रीनला डोळे लावून बसलेली. "भात तरी टाकलाय का कुणी?" तिने विचारलं. तो तांदूळ धुवायला पळाला.

मग रोजच शिकवणी सुरू झाली. सासूबाईंचा एक नियम होता. विमान उलटं करण्याआधी त्याने मोठ्याने म्हणायचं, "उलटं म्हणजे पुढे." म्हणजे दांडी पुढे ढकलायची, ओढायची नाही. त्याला लाज वाटायची. त्या म्हणायच्या, "घाबरलं की माणसाचा हात आखडतो. माझाही आखडायचा. म्हणून काय करायचं ते घाबरायच्या आधीच ठरवून ठेवायचं."

तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी, तो त्यांना मैदानावर घेऊन गेला. त्या काठी टेकत आल्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. मास्तरांनी आपलं स्वतःचं, कितीदा तरी चिकटवलेलं विमान त्याच्या हवाली केलं. "हे पडायला सरावलंय," ते म्हणाले. "बिनधास्त उडव."

पण सिम्युलेटरमध्ये तोंडावर वारा येत नाही, डोळ्यात ऊनही जात नाही. दोन रोल बरे झाले. तिसऱ्या खेपेला "उलटं म्हणजे पुढे" असं पुटपुटत त्याने अर्ध्या रोलवर विमान थांबवलं. ते पोट वर करून थेट त्यांच्याच दिशेने येऊ लागलं. वाऱ्याचा धक्का बसला, नाक झुकलं, आणि त्याचा अंगठा ओढायला लागला.

"ढकल!" सासूबाई खुर्चीतून ओरडल्या. "ढकल रे!"

अंगठ्याने ऐकलं. नाक उचललं गेलं. डावीकडचा पंख कलला, त्याने टेकू दिला. विमान धावपट्टीवरून उलटंच या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. तिथे त्याने ते सरळ केलं आणि फेरी मारून उतरवलं. मास्तरांनी पाठीवर अशी थाप मारली की तो एक पाऊल पुढे गेला.

"माफ करा हं," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "तोंडातून एकेरी गेलं."

"आता तेच राहू द्या, आई." तो म्हणाला. "तुम्ही नसता तर हेही विमान मी मातीत घातलं असतं. तुमचे उपकार..."

"उपकार कसले! रिटायर झाल्यापासून माझ्या हातात कुणी टीव्हीच्या रिमोटशिवाय काही दिलं नव्हतं. तू दिलंस. ते मी कसं फेडू?"

मास्तर हे ऐकत होते. त्यांनी आणखी एक रिमोट काढला आणि दोन्ही वायरने जोडले, म्हणजे शिकणाऱ्याचं चुकलं तर शिकवणाऱ्याला सावरता येतं. "या बाई," ते म्हणाले.

सासूबाई उठल्या. पहिल्या दोन फेऱ्या साध्या झाल्या. मग कुणाला न विचारता त्यांनी एक लूप घेतला. तो गोल कुठला व्हायला, चांगला लांबट, अंड्यासारखा झाला. मास्तरांनी सावरायला बोट नेलं होतं, पण गरज पडली नाही.

"अजून एक," त्या आभाळावरची नजर न काढता म्हणाल्या.

मागे दोघंजण आपापली विमानं घेऊन खोळंबले होते आणि त्यांच्यानंतर पुन्हा जावयाचा नंबर होता. "माझी पाळी त्यांनाच द्या," त्याने मास्तरांना सांगितलं, आणि सासूबाईंची काठी धरून तो त्यांच्या मागे उभा राहिला.