औंढ्याची उतरंड

कोयनेचा भूकंप होऊन महिना होत आला, तरी औंढ्यातली माणसं अंगणातच निजत होती. पौषातली थंडी हाडात शिरायची, पण घरात कुणी शिरत नव्हतं. बैलानं दावं ओढलं तरी अर्धी आळी उठून बसायची. आणि उठलेली माणसं गप्प थोडीच बसतात? विषय एकच, सरपंच सोपानरावांच्या नव्या घराची भिंत.

भिंत आढ्यापासून जोत्यापर्यंत तिरकी चिरली होती. घर बांधलं होतं कोंडाजी गवंड्यानं. सोपानरावांचा हिशेब सोपा: गावात दुसरी भिंत फुटली नाही, तेव्हा दोष भूकंपाचा नाही, गवंड्याचा. शाळेची नवी खोली कोंडाजीकडून काढून लोणावळ्याच्या गवंड्याला देणार, असंही त्यांनी चावडीवर सांगून टाकलं. कोंडाजीला खोलीपेक्षा नावाची धास्ती. शाळेचं काम हातून काढून घेतलेल्या गवंड्याला मावळात गोठासुद्धा कोण बांधायला देतो?

अशात निरोप आला, पुण्याहून खाडिलकर नावाचे साहेब धक्क्याची चौकशी करायला येताहेत. लोक सांगतील त्यावरून गावाला धक्क्याचा आकडा मिळणार. कोंडाजीनं ओळखलं, आकडा मोठा आला तर भिंत भूकंपानं फोडली, लहान आला तर आपण. तो दारोदार फिरला.

"शालूवहिनी, तुमचा कंदील कसा हालला?"

"हालला की थोडा."

"थोडा न्हाई. आढ्याला लागला म्हणा."

"म्हणते बापडी. माझ्या पदरचं काय जातंय?"

साहेब आले, देवळापुढं गाव जमलं. कुणाचा कंदील आढ्याला लागला, कुणाची म्हैस दावं तोडून कार्ल्याच्या वाटेला लागली. धोंडिबा तर खाटेवरून पडला. धोंडिबाच्या घरात खाट नाही हे सगळ्यांना ठाऊक, पण कुणी हसलं नाही. साहेब लिहीत होते. मग त्यांनी बायकांकडं वळून विचारलं, "आणि उतरंड ढासळली का कुणाची?"

बायका चपापल्या. एकावर एक रचलेली मडकी म्हणजे घरची बरकत. ती कोसळली असं चारचौघांत सांगायचं म्हणजे आपल्या तोंडानं आपल्या घराला अवदसा लावायची. कंदिलाचं खोटं खपतं, उतरंडीचं कोण बोलणार?

"आमची न्हाई बाई," शालूबाई म्हणाली.

"आमची हालली सुदीक न्हाई," सावित्राबाईनं त्यावर कडी केली.

खाडिलकर हसले. "माणूस खाटेवरून पडतो आणि मडकी जागेवर? मग औंढ्याला पाचाच्या वर आकडा देता येणार नाही. बारापैकी पाच."

"पर रेडिओवर दुसराच आकडा सांगत व्हते," हौशीराम म्हणाला.

"तो धक्क्याच्या जोराचा. यंत्रात जड वजन टांगलेलं असतं. जमीन हलते, वजन आळशासारखं जागीच राहतं, आणि दोघांतला फरक फिरत्या कागदावर रेघेनं उमटतो. रेघ केवढी आणि धक्का किती लांबचा, यावरून जोर काढतात. तो सगळ्या मुलखाला एकच. घाटात इंजिनाचा भोंगा एकच वाजतो, पण खंडाळ्यात कानठळ्या बसतात आणि इथं झोपलेलं पोर कूस बदलत नाही. मी तुमच्या कानावर किती आलं ते बघायला आलोय."

सोपानराव खुलले. "ऐकलंत? एका बी घरात मडकं हाललं न्हाई. मग माझीच भिंत कशी फुटली? बोला की कोंडाजीभाऊ! समदं गाव पढवून ठिवलं, आता का गप?"

तेवढ्यात सोपानरावांची बायको लीलाबाई उभी राहिली.

"माझी पडली."

"काय पडली?" सोपानरावांनी विचारलं.

"उतरंड. समदी. तुमी बैलं सोडाया पळालात तवा. खापरं उकिरड्यात पुरली अन् तिकोणा पेठेच्या भैनीकडनं मडकी आणली. लिवा, साहेब."

"आगं, चारचौघांत घराची शोभा—"

"शोभा? भिंतीतनं ऊन येतंय रोज आत."

साहेबांनी घराखालची जमीन विचारली. सगळी आळी कातळावर, सोपानरावांचं घर तेवढं भाताच्या खाचरात भराव टाकून. "कातळ हिसका देऊन मोकळा होतो," साहेब म्हणाले. "भरावाची भुसभुशीत माती तोच हिसका वाढवून वर पाठवते. तुमच्या घराला सहा लिहितो."

"म्हंजे दोष कुणाचा?"

"ते माझ्या कागदात येत नाही."

रस्त्यावरून जाणाऱ्याला ओटा दिसावा म्हणून खाचराचा हट्ट सोपानरावांचाच होता. सगळे आता त्यांच्याकडंच बघत होते.

साहेबांची जीप वळणाआड गेली. सोपानराव घसा खाकरून म्हणाले, "बरं. शाळेची खोली तुमीच बांधा, कोंडाजीभाऊ. उद्या आखणी."

"कुटं?"

"कुटं म्हंजे? आमच्या घराशेजारी, रस्त्याला लागून."

महिनाभर ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते समोर आलं, पण त्याच खाचरात. पोरांनी भरलेली खोली कोंडाजीच्या डोळ्यांपुढं आली.

"तितं न्हाई बांधत. वर कातळावर देत असाल तर बांधतो."

"पोरं चढ चढणार व्हय रोज?"

"चढतील. करवंदाला चढतातच की."

"मग लोणावळ्याचा गवंडी आणतो मी!"

"आणा," कोंडाजी म्हणाला आणि चपला शोधू लागला. आवाज बेताचाच निघाला. बाकीची माणसं आपापल्या पायाखालची जमीन टाचेनं ठोकून बघत होती.

"कोंडाजीभाऊ," लीलाबाईनं नवऱ्यादेखत हाक मारली, "आधी आमची भिंत बघा. पाडायची का टेकू द्यायचा, तुमी सांगाल तसं. आज तरी घरात निजू द्या."

सोपानराव आकाशाकडं बघत राहिले. नको मात्र म्हणाले नाहीत.

"टेकू आजच देतो, वहिनी," कोंडाजी म्हणाला. "पर निजा अंगणातच."