तळाची माती

“ॲसिडमध्ये विरघळवणार? गणपतीची माती?” कुमुदने बरणी पोटाशी धरली. “डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?”

डोकं ठिकाणावर होतं, जीभ नव्हती. हिंडन नदीची अठरा वर्षांची माती आमच्या घरी आहे, अशी फुशारकी मीच प्रयोगशाळेत मारून आलो होतो.

मी दत्तात्रय. गाझियाबादला नदीचा गाळ तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला सहायक. गमबूट घालून नदीत उतरायचं, तळाचा गाळ बाटलीत भरायचा आणि चिठ्ठीवर ‘नमुना गोळा करणार’ या शब्दांपुढे आपलं नाव लिहायचं, एवढंच काम मी एकोणऐंशी सालापासून केलं. माझी बायको कुमुद म्हणायची, “चिखल तर आमच्या गावच्या म्हशीही तुडवतात. त्यांना कुठे पगार मिळतो?”

तिचा चिखल वेगळा. विसर्जनाहून पाट रिकामा आणायचा नाही, म्हणून ती दरवर्षी मूठभर माती पाटावर घालून घरी आणायची. ती तुळशीत घालायची रीत, पण इथल्या उन्हाळ्यात तुळस काही जगेना, मग ती माती वाळवून काचेच्या बरणीत जायची. अठरा विसर्जनांचे अठरा थर. तळाशी पिवळसर, मध्ये राखाडी, वरचे पाच-सहा काळेकुट्ट. नवे कारखाने आले तसा तो काळा रंग आला. त्यात शिसं आहे, क्रोमियम आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण सणासुदीला कशाला, असं म्हणत मी घरी कधी बोललोच नाही.

आता कारखानेवाले म्हणत होते, नदी पहिल्यापासून अशीच आहे. जुना गाळ पुलाच्या कामात उपसला गेला होता. प्रयोगशाळा नोएडाच्या नव्या इमारतीत गेली तेव्हा आमच्या गाळाच्या जुन्या बाटल्या भंगारात गेल्या. हुकूम वरून आला होता, पण ट्रॉली मीच भरली होती. त्याची मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी आमच्या शास्त्रज्ञ देविका मॅडम घरी आल्या. मराठीच, पण दिल्लीत वाढलेल्या.

“काकू, बिल्कुल थोडीशी पाहिजे. सगळ्यात खालची, आणि एक चमचा वरची. पण सच सांगते, वापस नाही मिळणार.”

“आणि त्याने होणार काय?”

“नदी पहले चांगली होती, हे कागदावर येईल.”

“चांगलीच होती हो,” कुमुद म्हणाली. “पहिल्या वर्षी आमची अश्लेषा माझ्या कडेवर होती. पाण्यात माझी जोडवी दिसत होती मला.”

मग तिने वर्तमानपत्र पसरलं आणि चमचा घेतला. तळ गाठायचा तर वरचं सगळं काढावं लागणार होतं. “हे अश्लेषाच्या दहावीचं. हे सासूबाई आल्या होत्या ते. हे तिला गोवर आला त्या वर्षीचं.” ढीग लावत ती खाली गेली. तळाची पिवळी माती तिने स्वतःच बाटलीत भरली, सगळी.

मी चिठ्ठी घेतली. ‘नमुना गोळा करणार’ यापुढे सवयीने ‘द’ काढला, तो खोडला आणि तिचं पूर्ण नाव लिहिलं. ती डोकावून म्हणाली, “अक्षर नीट काढा.”

महिनाभराने निकाल आला. तळाच्या मातीत विष नावापुरतं, वरच्या काळ्या मातीत त्याच्या कितीतरी पट. मी तो कागद कुमुदला मोठ्याने वाचून दाखवला.

त्या वर्षी विसर्जन झाल्यावर ती नेहमीसारखी वाकली आणि तिने मूठभर गाळ उचलला. मग माझ्याकडे पाहिलं.

“घेऊ?”

इतक्या वर्षांत हे तिने मला कधी विचारलं नव्हतं.

“नको,” मी म्हणालो.

तिने मूठ सोडली. हात धुवायला पाण्याशी वाकली, थबकली, आणि हात पदराला पुसून काठावर आली. घरी जाताना पाट माझ्या काखेत होता, रिकामा. तो लोकांना दिसू नये म्हणून तिने वाटेत त्याच्यावर आरतीच्या ताटावरचा रुमाल टाकला.