नोएमी कडी काढायची तेव्हा

मी लाकोस्त पाद्रीबाबांच्या आश्रमाचा दरवाजा. माझं लाकूड अक्रोडाचं. ज्यांना कुठेच थारा नव्हता, ते सगळे माझ्यातून आत आले. आंधळे, पांगळे, फेफरं येणारे, आईबाप नसलेले. फ्रान्समधल्या सेव्हेनच्या डोंगरातले लोक बाबांना म्हणायचे, "चर्चचं छप्पर गळतंय आणि तुम्ही वेडे कसले गोळा करताय?" बाबा हसायचे, आणि आणखी एक खाट घालायचे.

नोएमी आली तेव्हा सातेक वर्षांची असेल. मुकी, बहिरी. मेंढ्यांच्या गोठ्यात सापडलेली.

ती अधूनमधून माझ्यावर तळवा टेकून उभी राहायची. मग कडी काढायची. बाहेर कुणीच नसायचं. तरी ती बाजूला सरायची, ओळखीच्या पाहुण्याला वाट द्यावी तशी. माझ्या बिजागऱ्या गार पडायच्या. आणि दिवस मावळायच्या आत घरातलं कुणीतरी जायचं. आधी एस्तेर म्हातारी गेली, मग एक तान्हं पोर.

स्वयंपाकीण ज्युडितबाई भडकल्या. "पाद्रीबाबा, ही पोर मरणाला घरात घेते. ती तरी राहील, नाहीतर मी!"

"ती घेत नाही हो. तिला आपल्याआधी ऐकू येतं, एवढंच."

"बहिरीला?"

बाबांनाही भीती वाटत होती. त्यांनी माझी कडी उंच बसवली, तिचा हात पोचणार नाही अशी.

एका सकाळी नोएमी उड्या मारून कडीशी झटली, मला नखांनी ओरबाडलं. कुणी लक्ष दिलं नाही. दुपारी पांगळा तेओफिल त्याच्या खोलीत मेलेला सापडला. डोळे उघडे, आणि हात खाटेबाहेर लांबवलेला, कुणाचा तरी हात शोधत असल्यासारखा.

बाबा त्या हाताजवळ बराच वेळ बसले. मग स्वतः पटाशी घेऊन आले आणि कडी खाली आणली.

त्यानंतर नोएमीने मला उघडलं की सगळे हातातलं काम टाकून एकेका खाटेशी जाऊन बसत. आश्रमात एकटं कुणी मेलं नाही. ज्युडितबाईसुद्धा झग्याचा घोळ खोचून धावायच्या.

एका शरदातल्या दुपारी ज्युडितबाई चेस्टनटचं सूप वाढत होत्या. नोएमीने कडी काढली, बाजूला सरली. सगळे खाटांकडे धावले, पण आजारी कुणीच नव्हतं. तेवढ्यात ती टेबलाशी आली आणि तिने बाबांचा हात धरला.

ज्युडितबाईंच्या हातातला डाव खाली पडला. "नाही ग पोरी! चुकलीस तू, चुकलीस!"

बाबांनी नोएमीच्या केसांवरून हात फिरवला. "ज्युडितबाई, सूप निवतंय. वाढा सगळ्यांना. आज मलाही थोडं जास्तच वाढा."

त्यांनी वाटी पुसून सूप संपवलं. मग सगळे त्यांच्याभोवती बसले, अगदी शेवटपर्यंत.

आता आश्रम फार मोठा झालाय. मी मागच्या बाजूला आहे, रंग उडालेला, अजून भक्कम. तुम्ही कधी आलात तर एवढं करा, जोरात ठोठावा. ठोठावल्याशिवाय जो आत येतो त्याला मी आजही ओळखतो, पण नोएमीसारखं कडी काढून सांगायला मला हात नाहीत.