कंट्रीवाल्याची बायको

क्लोटिल्डाच्या पप्पांनी एकच शब्द चुकीचा ऐकला, पण तो पोरीला अठरा वर्षं पुरला.

झालं असं, की सेबॅस्टियन मागणी घालायला वसईला त्यांच्या घरी आला. पप्पांनी सरळ विचारलं, "काय करतोस?" तो म्हणाला, "कंट्री." आता आपल्याकडे कंट्री म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावठी दारू. रबरी फुग्यातून येते, गुत्त्यावर मिळते आणि पप्पांच्या सख्ख्या भावाला तिनेच खाल्लं होतं. पप्पांचा चेहरा पडला, तर हा पठ्ठ्या आणखी खुलून सांगतो, "रोज संध्याकाळी करतो, अंकल. पब्लिक एकदम खूश असते."

त्याला म्हणायचं होतं कंट्री म्युझिक. डोक्यावर हॅट, हातात गिटार आणि गाण्यांत अमेरिकेतली कुरणं, घोडे, घर सोडून गेलेल्या बायका. बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने आणलेल्या रेकॉर्डी ऐकून ऐकून तो हे शिकला होता. घोडा म्हणाल तर वसई स्टेशनबाहेरच्या टांग्याचा, त्याहून जवळून त्याने पाहिलेला नव्हता. पण आवाज असा लावायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा गुरं राखतच मोठा झालाय.

खुलासा व्हायला आठवडा गेला. तोवर क्लोटिल्डाने रडून घर डोक्यावर घेतलं होतं आणि पप्पांनी एका अटीवर होकार दिला होता. बायबलवर हात ठेवून तिला म्हणायला लावलं, "हा जिथे कंट्री करतो, तिथे मी पाऊल टाकणार नाही." खरं कळल्यावर सगळे हसले, पप्पाही हसले. पण दिलेली शपथ परत घे म्हणणं काही त्यांच्याने झालं नाही. माघार घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं, आणि दोन वर्षांत ते गेलेच.

पुढे सेबॅस्टियनला मस्कतमध्ये रुवीच्या एका हॉटेलात काम मिळालं आणि संसार जवळच्याच हमरिया वस्तीत एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मांडला गेला. नव्वदच्या दशकात त्याची काय चलती होती म्हणून सांगू! तेलाच्या कॅम्पातले गोरे इंजिनिअर वाळवंटातून गाडी हाणत यायचे ते त्याला ऐकायला. गोव्याचे, फिलिपिन्सचे लोक टेबलं धरून बसायचे. एकदा सलालाहच्या हॉटेलने खरीफच्या पावसाळ्यात त्याला महिनाभर बोलावून घेतलं. सगळ्या ओमानने त्याला ऐकलं म्हणा ना. फक्त बायकोने नाही.

म्हणजे घरी ऐकलं होतं. दाढी करताना, नाहीतर लेकीला, ॲनेटला, झोपवताना. चर्चमध्येही ऐकलं असतं, पण क्वायरचा मास्तर म्हणाला, तू गायलास की भजन घोड्यावर बसतं, तेव्हापासून तो मागच्या बाकावर गप्प बसायचा. आपला माणूस कामावर कसा दिसतो, हे मात्र तिला माहीत नव्हतं. सुरुवातीला दर नाताळात तो विचारायचा, "येतेस?" ती म्हणायची, "शपथ आहे, सेबा." मग त्याने विचारणं सोडलं.

दोन हजार चार साली त्याचा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरने घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती, काढावी लागणार होती. बोलता येईल, डॉक्टर म्हणाला. आणि गाणं? "इन्शाल्ला," डॉक्टर म्हणाला. इतकी वर्षं आखातात काढलेल्या माणसाला त्या इन्शाल्लाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

"या गुरुवारी शेवटचं," जेवताना तो म्हणाला. "मग हॉटेल डीजे लावणार. खलास." आणि भात कालवत राहिला. ये म्हणाला नाही, येऊ नको म्हणाला नाही. हेच क्लोटिल्डाला लागलं. भांडला असता तर तिने चार उत्तरं दिली असती.

शेजारची अमीरुन्निसा रत्नागिरीकडची. तिचा नवरा जमाल त्याच हॉटेलात स्वयंपाकघरात होता. ती ऐकून म्हणाली, "अगो, माझो घोव थंय रोज जाता, आणि तुज्या पायाक काय मेंदी लागली हाय?"

"बायबलवर हात ठेवलाय मी."

"मग ज्याचं बायबल, त्याकाच विचार जा."

शुक्रवारच्या सुट्टीची वाट बघायला वेळ कुठे होता? बुधवारीच ती रुवीच्या चर्चमध्ये फादरांसमोर जाऊन बसली. फादरांनी सगळं ऐकलं. "शपथ कसल्या कंट्रीची घेतलीस?"

"दारूच्या, फादर."

"तुझा नवरा दारू विकतो?"

"नाही."

"मग लागलीच कुठे ती शपथ?" फादर हसले, पण लगेच गंभीर झाले. "बाई, हे विचारायला अठरा वर्षं का लागली?"

ती उठून निघाली. उत्तर तिला वाटेत सुचलं, आणि ते काही तिला आवडलं नाही. पप्पा गेल्यावर त्यांची म्हणून एवढी एकच गोष्ट तिच्याकडे उरली होती, आणि ती जपता जपता जिवंत माणसाकडे बघायचं राहून गेलं होतं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

गुरुवारी संध्याकाळी जमालने तिला स्वयंपाकघरातून आत नेलं. "भाभी, हय बसा," म्हणून खांबाआडची खुर्ची दिली आणि तो आपल्या कोंबड्यांकडे परत गेला.

स्टेजवर सेबॅस्टियन होता. घरी स्वतःचे मोजे न सापडणारा तो हाच का, असं तिला वाटलं. पाय रोवून उभा, खांदे सैल, बोटं तारांवर न बघता फिरत होती. आवाज घोगरा झाला होता, वरच्या सुरांना तो हळूच बगल देत होता, पण सगळा हॉल त्याच्या मुठीत होता. असा नवरा आपल्याला होता, आणि आपण त्याचे शर्ट तेवढे इस्त्री करत राहिलो!

मग त्याने स्टूल ओढलं आणि इंग्रजीत गोष्ट सुरू केली. सासऱ्याने विचारलं, काय करतोस, मी म्हणालो... आणि अख्खा हॉल एका सुरात म्हणाला, "कंट्री." हसून हसून लोक टेबलं बडवत होते. क्लोटिल्डाचं डोकं फिरलं. माझ्या मेलेल्या बापावर रुवीभर हशा पिकवतोस काय! ती उठलीच होती.

पण तो हसत नव्हता. "म्हाताऱ्याने मला पोरगी दिली," तो म्हणाला. "दारू गाळणारा समजूनसुद्धा दिली. आणि ती दिलेला शब्द पाळते." मग त्याने स्टूल गर्रकन फिरवलं आणि लोकांकडे पाठ करून, मागच्या खिडकीकडे तोंड करून बसला.

शेजारच्या टेबलावरचा गोवेकर तिच्याकडे वाकून कुजबुजला, "नवीन आहात? तिकडे हमरिया. शेवटचं गाणं वाइफसाठी असतं. चौदा वर्षं ऐकतोय, कधी चुकवलं नाही त्याने."

सेबॅस्टियन गात होता. शब्द तिला अर्धेच कळत होते. एका उंच जागी आवाज फाटला, त्याने श्वास घेतला, पुन्हा फाटला, तरी तो तीच ओळ म्हणत राहिला, त्या खिडकीकडे, त्या दोन खोल्यांकडे, जिथे आत्ता ती नव्हतीच. हाक मारावी असं तिला फार वाटलं. पण ते गाणं तिचं होतं आणि तिला ते पुरं ऐकायचं होतं.

गाणं संपलं. टाळ्या पडायच्या आधीच ती खांबाआडून पुढे आली.

"सेबा," ती म्हणाली, "मी इकडे आहे."

तो लगेच वळला नाही. आधी त्याने हॅट काढून मांडीवर ठेवली आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.