आत्या आणि भगदाड

“काका, तुमच्या फिल्ममध्ये आमची माणसं मयताला आल्यासारखी का बसतात?”

पैज मैत्रिणींची, तोंड माझं. पाचही जणी होडीमागे दडलेल्या. आमच्या बंदरावर फिल्म काढायला आलेल्या दिग्दर्शककाकांचा चहाचा कप हवेतच राहिला.

“खडतर आयुष्य आहे ना तुमचं,” ते म्हणाले.

“असेल. पण आमची आत्या एरवी अख्खा धक्का हसवते. उद्या तुम्ही निघालात की फिल्ममध्ये ती कायमची रडकीच राहणार!”

आत्या तीस वर्षं जाळी दुरुस्त करतेय. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवायचं, लाकडी सुईने भराभर गाठी मारायच्या आणि भगदाड बघून जाळं कुणी, कसं फाडलं ते बिनचूक सांगायचं. पण कॅमेरा दिसला की बाई ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखी ताठ!

काकांनी थोडा विचार केला आणि कॅमेरा माझ्याच हातात दिला. “अर्धा तास. बघू तुझी आत्या.”

मी तो दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला.

“अगं, कॅमेरा धरलायस की मांजर?” आत्या म्हणाली.

“आत्या, हे जाळं कुणाचं गं?”

तिने भगदाडातून हात आरपार घातला. “हे? लांबलचक फाटलंय बघ. म्हणजे जाळं खडकावरून फरफटत गेलं आणि सुकाणूवरचे साहेब घोरत होते. तुझ्या बापाचं आहे!”

“बाबा तर म्हणाले, मोठ्ठ्या माशाने फाडलं!”

“हो तर! त्या माशाला मिशा आहेत आणि तो माझा सख्खा भाऊ लागतो!”

आत्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मीही. कॅमेरा गदागदा हलला.

“पुन्हा घेऊ का?” मी घाबरून विचारलं.

“हात लावायचा नाही,” काका म्हणाले. “हे असंच राहणार.”

दोन महिन्यांनी मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये चादर बांधून त्यांनी फिल्म दाखवली. मिशांवाल्या माशावर अख्खी शेड हसून नुसती कोसळली. बाबा सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत मोठ्याने हसले. आत्या मात्र गालावरून हात फिरवत हळूच म्हणाली, “मी हसताना अशी दिसते होय?”

घरी पोहोचलो तरी आईचं हसू थांबेना. मी दारातच आईबाबांना अडवलं.

“दहावी झाली की मी कॅमेरा शिकणार. विचारत नाहीये, सांगतेय. आणि बाबा, पुढचं भगदाड पाडाल तेव्हा आधी मला हाक मारा.”