जागांची अदलाबदल

नदीच्या मधोमध चार-चार वल्हेकरी मुलींच्या दोन बोटी कडेला कड लावून उभ्या होत्या. सिग्रिड लाल बोटीतून उठली, वाकून पांढऱ्या बोटीत उतरली आणि पेटनच्या अजून उबदार असलेल्या जागेवर बसली. पेटन लाल बोटीत गेली. बाकी कोणी हललं नाही.

दोघींतली एकच संघात राहणार होती. पहिली शर्यत सिग्रिड असताना लाल बोटीने निसटती जिंकली होती. आता दोघींच्या जागा बदलल्यावर जिच्यामुळे बोट पुढे सरकेल, ती राहील. काठावर पालक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते, गावच्या वर्तमानपत्राचा माणूसही होता.

"सगळ्यांदेखत चाललंय," कोच हॅलॉरन आपल्या मोटरबोटीतून हातातल्या कर्ण्यावर म्हणाले. "सरकारी विद्यापीठ आहे आपलं. उद्या कोणीही जाब विचारू शकतं."

"आमच्याकडे संघातून काढल्याचा नुसता फोन आला होता," पेटन म्हणाली. तिचं आधीचं विद्यापीठ खाजगी होतं. "दीड मिनिटात संपलं. कारण विचारलं तर म्हणाले, सांगायला आम्ही बांधील नाही."

"बघा! इथे असली लपवाछपवी नाही," कोच खूश होऊन म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी याच कोचनी सिग्रिडला खानावळीच्या रांगेत हेरलं होतं. शाळेत तिला सगळे विजेचा खांब म्हणत. या माणसाने तिची उंची पाहून आधी नाव विचारलं आणि मग, "पोहता येतं का?" तेव्हा कायद्यासाठी विद्यापीठाला फुटबॉलच्या पोरांच्या बरोबरीने खेळणाऱ्या मुलींचा आकडा दाखवायचा होता, म्हणून उंच दिसेल तिला बोटीत बसवत. आता प्रत्येक संघात किती जणी ठेवायच्या याला मर्यादा आली होती. सिग्रिडला मात्र या बोटीबाहेर आपलं काही आहे असं वाटतच नव्हतं.

भोंगा वाजला. सिग्रिडने जीव खाऊन वल्हं ओढलं, तरी लाल बोट पुढे निघून गेली. वल्हवणाऱ्यांचं तोंड मागे असतं, त्यामुळे पुढे गेलेली बोट तिला दिसेना, पण ऐकू येत होती. लाल बोटीत मार्गो घुरघुरत होती. मार्गो जिवाच्या आकांताने ओढते तेव्हाच तिच्या घशातून तो आवाज येतो. सगळ्या तिला डुक्करीण म्हणून चिडवतात. तीन वर्षं सिग्रिड तिच्या पाठीमागेच बसत आली होती. मघाच्या पहिल्या शर्यतीत मात्र ती पाठ गप्प होती.

लाल बोट दोन बोटींच्या अंतराने जिंकली.

"पेटन राहिली," कोच म्हणाले. "सिग्रिड, छान झुंजलीस हं."

बोटी पुन्हा जवळ आल्या. सिग्रिडने मार्गोकडे पाहिलं.

"मघाशी तुझा आवाज नव्हता."

मार्गो वल्ह्यावरचं पाणी निपटत राहिली. मग म्हणाली, "तुझ्याबरोबर आपण पाचव्या येतो, सिग. दरवर्षी पाचव्या. मला एकदा तरी राष्ट्रीय स्पर्धेला जायचंय."

"मग तोंडावर सांगायचंस."

"सांगून तू गेली असतीस?"

सिग्रिडला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मध्ये पाणी होतं.

"कोणी उतरू नका," कोच ओरडले. "अजून एक जागा कमी करायचीय. मार्गो आणि ब्रुक, अदलाबदल करा. सिग्रिड, तू तेवढी बसून राहा, मला चार माणसं लागतात."

मार्गोचा चेहरा उतरला. ती पांढऱ्या बोटीत आली आणि सिग्रिडच्या पुढच्या, ब्रुकने सोडलेल्या जागेवर बसली. पांढरी बोट आता पुढे सरकली नाही, तर मार्गो घरी जाणार होती. तिने हळूच मान वळवली.

"सिग, प्लीज. मी काय बोलले ते सोड. ओढशील ना?"

"ओढते की."

भोंगा वाजला. मार्गो पहिल्या फटक्यापासून घुरघुरू लागली. सिग्रिड तिच्या लयीत वाकली, तिच्या लयीत मागे गेली. तिचं वल्हं वेळेवर पाण्यात पडत होतं, वेळेवर बाहेर येत होतं, आणि पाण्याला नुसतं शिवत होतं. काठावरून पालक टाळ्या वाजवत होते.