तिसरी आज्ञा

व्हर्नाने पडद्यावरचा आकडा तीनदा वाचला. शून्य फाइली.

"डेल, जरा इकडे ये," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून तिचा सहकारी डेल हातातली कॉफी संपवूनच आला. पडदा बघितल्यावर तो तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

अमेरिकेतल्या डलूथच्या एका पक्षी-संशोधन केंद्रात व्हर्ना हालवर्सन एकवीस वर्षं ध्वनिमुद्रणं सांभाळत होती. डॉ. ऑर्व्हिल लिंडक्विस्ट यांनी दलदली तुडवून टिपलेले पक्ष्यांचे आवाज जुन्या टेपांवरून संगणकात घ्यायचे, हे तिचं काम. त्या फाइली साठ्याच्या डिस्कवर हलवायला तिने पर्ल या संगणकाच्या भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. तो एकापाठोपाठ तीन आज्ञा द्यायचा : डिस्क जोड, फाइली तिथे उतरव, इथल्या पुसून टाक. नऊ वर्षं तो बिनबोभाट चालला होता.

शुक्रवारी टेबल सरकवताना तिनेच डिस्कची वायर काढली आणि परत लावायची राहून गेली. आज सकाळी हिवाळाभर जमवलेल्या फाइली हलवायला घेतल्या, तेव्हा पहिली आज्ञा फसली, म्हणून दुसरीही फसली. तिसरीने आपलं काम चोख केलं. आधीचं नीट झालं का, हे बघून मगच पुढे जायची ओळ तिने लिहिलीच नव्हती.

पुसलेलं परत मिळवायला दुपारपर्यंत डेलने खटपट केली. हाती काही लागलं नाही.

"मूळ टेपा?"

"बुरशीने खाल्ल्या होत्या. मार्चमध्ये फेकल्या. सही माझीच आहे."

"मग डिस्क बिघडली म्हण. म्हातारा काय तपासायला येणारे?"

"बिघडली नाही ना पण," व्हर्ना म्हणाली आणि कोट घालायला लागली. बाही सापडायला तिला वेळ लागला.

लिंडक्विस्टांच्या स्वयंपाकघरात ती बसलीच नाही.

"सर, चौऱ्याऐंशी ते एकोणनव्वद सालचं गेलं. सगळं. माझ्या हातून पुसलं गेलं."

त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. "परत सांग."

दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

त्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "पक्षी काय, दुसऱ्या कुणीतरी टिपले असतील," ते म्हणाले. "पण त्या वर्षांत टेपेवर तारीख इंगा सांगायची."

व्हर्नाने खुर्चीची पाठ धरली. अख्खा हिवाळा प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला तो बाईचा आवाज तिने ऐकला होता. बरोबरची कुणी संशोधिका असेल, असंच ती धरून चालली होती. इंगा म्हणजे त्यांची बायको, नव्वद साली गेलेली.

"घरी त्यांच्या आवाजातलं काही रेकॉर्ड केलेलं..."

"फोटो आहेत."

ती कोटासकट खाली बसली. पर्समधून तिने वही काढली, डोळे मिटून तो आवाज आठवला, मग लिहून कागद त्यांच्यापुढे सरकवला.

'बारा मे. पश्चिमेचा वारा, धुकं आहे. ऑर्व्हिल, मोजे भिजलेत तर सांग, उगाच कुडकुडत बसू नकोस.'

त्यांनी तो ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला. मग कागद उलटा करून कोरी बाजू तिच्याकडे ढकलली.

"पुढचं," ते म्हणाले.